वायर एकाकडे, प्रोग्रॅम दुसऱ्याकडे: औद्योगिक वीजशिक्षणाचा आढावा

१९६८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला एका जुन्या दुखण्यावर इलाज हवा होता. गाडीचे मॉडेल बदलले की कारखान्यातल्या यंत्रांचे काम बदलायचे आणि यंत्राचे काम बदलले की रिलेंनी खच्चून भरलेली कपाटे उघडून सगळे वायरिंग नव्याने करावे लागायचे. वायर न हलवता काम बदलता येईल असा नियंत्रक विभागाने मागितला. बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीतल्या डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. कंपनीचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून त्याचे नाव ‘मॉडिकॉन ०८४’. प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे आज कारखान्यात सगळे ज्याला नुसते ‘पीएलसी’ म्हणतात, त्याची सुरुवात साधारण इथली. या जन्मकथेतली एक गोष्ट प्रशिक्षणाच्या चर्चेत क्वचितच येते. हे यंत्र संगणकतज्ज्ञाच्या हाती द्यायचे नव्हते, कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ते वाचता यायला हवे होते. म्हणून त्याची लॅडर भाषा रिलेच्या जुन्या आकृत्यांवरूनच घेतली गेली. डावीकडे सप्लायची उभी रेघ, मधे संपर्क, उजवीकडे कॉइल. ज्याने आयुष्यभर कॉन्टॅक्टर जोडले त्याला हा प्रोग्रॅम पाहताक्षणी ओळखीचा वाटावा, अशी त्याची घडण होती.

आपल्याकडे आज हेच यंत्र इलेक्ट्रिशियनच्या हातून निसटले आहे. औद्योगिक वीजयंत्रणेचे शिक्षण एकीकडे आणि पीएलसीचे दुसरीकडे, अशी फारकत झाली आहे. वायर ज्याला कळते त्याला प्रोग्रॅम कळत नाही, आणि ज्याला प्रोग्रॅम येतो त्याने पॅनेलमधला एक टर्मिनलही कधी कसलेला नसतो. उद्योगाला कुशल माणसे मिळत नाहीत आणि शिकलेल्या मुलांना काम मिळत नाही, या दोन्ही तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. त्यांची कारणे शोधताना अभ्यासक्रम जुना, यंत्रे जुनी, पैसा अपुरा ही उत्तरे नेहमी पुढे येतात. ती खोटी नाहीत. पण या दुखण्याचे मूळ या फारकतीत आहे, आणि ती मिटली नाही तर नवी यंत्रे आणि नवा पैसाही जुन्याच खाचेत जाऊन पडेल, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी औद्योगिक प्रशिक्षण संस्था पाहू, म्हणजे आयटीआय. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. आज देशात सुमारे पंधरा हजार आयटीआय आहेत, आणि महाराष्ट्रात नुसत्या शासकीयच चारशेहून अधिक. वीजतंत्री हा त्यांतला सर्वाधिक मागणीच्या व्यवसायांपैकी एक. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमाचे मोठे बळ म्हणजे हात. मुलगा वायर सोलतो, लग क्रिंप करतो, अर्थिंग मोजतो, मोटर उघडतो, डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर जोडतो, मल्टिमीटरने खंड शोधतो. वीज दिसत नाही पण मारते, ही जाण त्याच्या अंगात मुरते. कंट्रोल पॅनेलचे वायरिंग आणि ड्राइव्हची ओळखही त्याला होते. पण पीएलसीवरचा भर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा नव्या टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स अशा व्यवसायांकडे गेला आहे. परिणामी राज्यात सर्वाधिक संख्येने जो कामगार विजेसाठी तयार होतो, त्याचे शिक्षण नेमके पॅनेलमधल्या पीएलसीच्या करड्या डब्यापाशी येऊन थांबते. पुढे तो चाकणला, वाळूजला किंवा अंबडला कामाला लागतो, तेव्हा त्या डब्याला हात लावायचा नाही, ही त्याला मिळणारी पहिली ताकीद असते.

पदविका आणि पदवीचे चित्र याच्या उलट आहे. तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात पीएलसी हा विषय आहे, त्याला प्रयोगशाळा आहे, जर्नल आहे, तोंडी परीक्षाही आहे. पण तिथला पीएलसी बहुधा एका नीटनेटक्या किटमध्ये बसवलेला असतो. एका बाजूला आठ टॉगल स्विच, दुसऱ्या बाजूला आठ दिवे, मधे ठळक छापील नावे. विद्यार्थी केबल लावतो, सहा-आठ ओळींचा लॅडर उतरवतो, दिवा लागतो, सही मिळते. या दोन्हींच्या मधल्या खिंडारात खासगी क्लासचा धंदा उभा राहिला आहे. पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत ‘पीएलसी-स्काडा-एचएमआय-व्हीएफडी’ अशी जोडनावे आणि नोकरीची हमी देणाऱ्या पाट्या सहज दिसतात. या क्लासना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. संस्थांनी सोडलेली जागा त्यांनी भरून काढली आणि अनेक मुलांना पहिली संधी दिली. पण काही आठवड्यांत चार-पाच कंपन्यांची सॉफ्टवेअर दाखवायची म्हटली की शिकवणे पडद्यावरच राहते. इंजिनिअर मुलगा तिथे प्रोग्रॅमिंग पक्के करतो, वायरिंग मात्र त्याला कुठेच भेटत नाही. वीजतंत्री मुलगा गेला तर त्याला माऊस चालवता येतो, पण त्याच्या हातातल्या कलेशी त्याचा सांधा कोणी जुळवून देत नाही.

ही फारकत किती महागात पडते हे पाहायला स्टॉप बटण पुरेसे आहे. कारखान्यात स्टॉप बटण नेहमी एनसी, म्हणजे एरवी बंद असणाऱ्या संपर्काचे लावतात. बटण दाबले नसताना वीज त्यातून वाहत असते आणि पीएलसीच्या इनपुटवर सिग्नल असतो. बटण दाबले की सिग्नल जातो आणि मोटर थांबते. या रचनेचे कारण साधे आहे. वायर तुटली, टर्मिनल सैल झाला, उंदराने केबल कुरतडली, तरी सिग्नल जातो आणि यंत्र थांबते. बिघाड झाला तर यंत्राने सुरक्षित बाजूला पडावे, हे तत्त्व. आता याचा लॅडर लिहायचा तर बटण एनसी असूनही प्रोग्रॅममध्ये संपर्क एनओचा, म्हणजे एरवी उघडा, काढावा लागतो, कारण एरवी त्या इनपुटवर सिग्नल हजर असतो. नवशिक्याची गडबड हमखास इथे होते. किटवरचा टॉगल स्विच तो ‘ऑफ’ ठेवतो आणि प्रोग्रॅममध्ये एनसीचे चिन्ह काढतो. दिवा बरोबर लागतो, बरोबर विझतो. शिक्षक सही करतात. पण हाच प्रोग्रॅम तो खऱ्या यंत्रावर एनओ बटण लावून वापरू लागला, तर वायर तुटलेल्या दिवशी स्टॉप दाबूनही यंत्र चालूच राहील. किटने त्याला चूक बरोबर म्हणून शिकवली. ही चूक कच्च्या प्रोग्रॅमिंगची नाही आणि कच्च्या वायरिंगचीही नाही. दोन्ही एकत्र न शिकल्याची ती चूक आहे. आणीबाणीच्या थांबवणीची तर आणखी पुढची पायरी. ती साध्या पीएलसीच्या प्रोग्रॅमवर सोडायचीच नसते. सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीमार्फत तिने कॉन्टॅक्टरचा सप्लाय थेट तोडायचा असतो. नुसते सॉफ्टवेअर शिकलेल्याला हा फरक पुस्तकी वाटतो.

दुसरे उदाहरण स्टार-डेल्टाचे. मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टावर न्यायची असते, आणि दोन्ही कॉन्टॅक्टर एका वेळी ओढले गेले तर तिन्ही फेज शॉर्ट होतात. पीएलसी आपला प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचत असतो आणि एक फेरी काही मिलिसेकंदांत संपते. स्टार सोडून डेल्टा ओढण्याचा हुकूम तो एकाच फेरीत देऊ शकतो. कॉन्टॅक्टर मात्र लोखंड आणि स्प्रिंगचा असतो. त्याला सुटायला दहा-वीस मिलिसेकंद सहज लागतात, आणि आर्क विझायला थोडा वेळ आणखी. म्हणून प्रोग्रॅममध्ये इंटरलॉक असला तरी मधे थोडा उशीर ठेवावा लागतो, शिवाय कॉन्टॅक्टरच्या सहायक संपर्कांतून वायरचा इंटरलॉकही द्यावा लागतो. आयटीआयच्या मुलाला वायरचा इंटरलॉक पाठ असतो, पण पीएलसी लावल्यावरही तो का ठेवायचा हे त्याला कोणी सांगितलेले नसते. क्लासमधून आलेल्याला प्रोग्रॅममधला इंटरलॉक पाठ असतो, पण तो पुरेसा का नाही हे त्याला ठाऊक नसते. दिव्यांच्या किटवर दोघेही पास होतात. टाकीची पातळी सांगणाऱ्या ४ ते २० मिलिअँपियरच्या सिग्नलचेही तेच. शून्य पातळीला ४ मिलिअँपियर का, याचे उत्तर फळ्यावर समजते, पण वायर काढून वाचन शून्याखाली गेलेले पाहिले की ते पक्के होते. शून्य मिलिअँपियर म्हणजे टाकी रिकामी नव्हे, वायर तुटलेली.

कारखान्यातले खरे काम पाहिले तर ही जोड किती अटळ आहे हे आणखी स्पष्ट होते. नवीन प्रोग्रॅम लिहिण्याचे प्रसंग थोडे, ते काम बहुधा यंत्र बनवणारे किंवा इंटिग्रेटर करतात. रोजचे काम म्हणजे ब्रेकडाऊन. लाइन थांबली, सुपरवायझर मागे उभा आहे, आणि दोष कुठे आहे ते दहा मिनिटांत सांगायचे आहे. जाणकार माणूस आधी इनपुट मॉड्यूलवरचा छोटा दिवा पाहतो. सेन्सरसमोर धातूचा तुकडा धरल्यावर तो दिवा लागला, तर सेन्सर, केबल आणि २४ व्होल्टचा सप्लाय ठीक आहे, शोध आत न्यायचा. लागला नाही, तर लॅपटॉप उघडायची गरजच नाही, शोध बाहेर न्यायचा. सेन्सर पीएनपी की एनपीएन, टर्मिनल सैल आहे का, ड्राइव्हच्या केबलशेजारून नेलेली सिग्नलची वायर गोंगाट उचलते आहे का, शील्ड नीट अर्थ केली आहे का, हे पाहायचे. तो दिवा म्हणजे दोन जगांमधली सीमा आहे, आणि दोषशोधन जवळपास सगळे या सीमेवर चालते. ज्याला एकच बाजू दिसते तो उरलेल्या बाजूबद्दल अंदाज बांधतो, आणि अंदाजाने सुटे भाग बदलत बसणे हा मेंटेनन्सचा सर्वांत महाग प्रकार आहे.

जगात इतरत्र या प्रश्नाची उत्तरे कशी शोधली गेली, तेही पाहण्यासारखे आहे. वर्ल्डस्किल्स या आंतरराष्ट्रीय कौशल्य स्पर्धेत ‘इंडस्ट्रियल कंट्रोल’ हा प्रकार आहे. त्यात एकच स्पर्धक पॅनेल उभारतो, वायरिंग करतो, पीएलसी प्रोग्रॅम करतो आणि मुद्दाम घातलेले दोष शोधून काढतो. जर्मनीने १९९८ साली ‘मेकॅट्रॉनिकर’ नावाचा साडेतीन वर्षांचा व्यवसाय सुरू केला. यांत्रिक, विद्युत आणि नियंत्रण ही तिन्ही कामे एकाच शिकाऊ उमेदवाराकडे दिली आणि प्रशिक्षण कारखाना व व्यवसाय शाळा यांत वाटले. परीक्षेत केलेल्या कामाबद्दल परीक्षकांशी तांत्रिक चर्चाही करावी लागते. महाराष्ट्राशी याचा संबंध थेट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे जाणाऱ्या वीजतंत्रीला जर्मन भाषा शिकवण्याची चर्चा खूप झाली. त्याच्या कामात पीएलसी आहे की नाही, याची फारशी झाली नाही. घरच्या घरी उदाहरण हवे तर छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे शिक्षण चालत्या कार्यशाळेला जोडलेले असते. अर्थात जर्मन साचा जसाच्या तसा उचलता येणार नाही. तिथे मोठ्या कंपन्या आणि व्यापारी मंडळे प्रशिक्षणाचा खर्च आणि जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या उचलत आली आहेत. इथे बहुसंख्य कारखाने छोटे आहेत. त्यांच्यासाठी एमआयडीसीगणिक सामाईक कार्यशाळा हा अधिक व्यवहार्य मार्ग ठरेल.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. आता सिम्युलेटर इतके चांगले झाले आहेत की पडद्यावर अख्खी कन्व्हेयर लाइन चालते, कोडेसिस किंवा ओपनपीएलसी फुकट मिळतात, आणि प्रोग्रॅम लिहून द्यायला कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. मग महागड्या पॅनेलवर पैसा का घालायचा? सिम्युलेटर जरूर वापरावेत. लॅडरचा सराव शंभर वेळा करायला त्याहून स्वस्त साधन नाही. पण सिम्युलेटरमध्ये टर्मिनल सैल होत नाही, कॉन्टॅक्टर चिकटत नाही, केबलमध्ये ओल शिरत नाही. दोष शोधणे जर रोजचे काम असेल, तर दोष नसलेल्या जगात ते शिकता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने तर हा मुद्दा अधिकच पक्का केला आहे. प्रोग्रॅम टंकणे स्वस्त झाले की तो तपासणे मोलाचे होते. यंत्राने लिहिलेल्या लॅडरमधला स्टॉपचा संपर्क बरोबर आहे का, हे सांगायला प्रत्यक्ष वायर माहीत असलेलाच माणूस लागतो. पॅनेल महाग असते हेही पूर्ण खरे नाही. कारखाने यंत्रे बदलताना जुनी पॅनेल भंगारात काढतात. वीस वर्षांपूर्वीच्या पॅनेलमधले कॉन्टॅक्टर आणि टर्मिनल शिकण्याच्या कामाला उत्तम असतात. विद्यार्थ्यांनी त्यावर २४ व्होल्टवर काम करावे, ४१५ व्होल्टची बाजू निदेशकाच्या देखरेखीखाली, कुलूप आणि टॅग लावूनच उघडावी. ही सवय लागणे हेही शिक्षणच आहे.

दुसरा आक्षेप उद्योगाकडून येतो. आम्हाला अमुक कंपनीचाच पीएलसी येणारा माणूस हवा, सामान्य ज्ञान घेऊन काय करायचे? पण आयईसी ६११३१-३ या मानकाने १९९३ सालीच लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट वगैरे भाषा एका चौकटीत आणल्या. मेनू बदलतो, पत्ते लिहिण्याची पद्धत बदलते. स्कॅन, टायमर, काउंटर, इंटरलॉक आणि सुरक्षित बाजूचा विचार बदलत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पीएलसीवर तेच काम केलेला मुलगा तिसऱ्यावर आठवड्याभरात रुळतो. एकाच कंपनीच्या बटणांची पाठांतरे केलेला मात्र आवृत्ती बदलली तरी अडखळतो. याच्याच जोडीला आणखी एक शंका हळू आवाजात मांडली जाते, की आयटीआयच्या मराठी माध्यमातल्या मुलांना हे झेपणार नाही. लॅडर त्यांच्याच कामासाठी घडवला गेला, हे लक्षात घेतले तर या शंकेत फारसा दम राहत नाही. खरा अडसर इंग्रजी मॅन्युअल वाचण्याचा आहे. त्यावर उपाय म्हणजे वर्गात मराठीतून समजावणे आणि हाताशी खरे मॅन्युअल ठेवून त्यातला वायरिंगचा नकाशा, एरर कोड आणि तांत्रिक मर्यादा शोधायला लावणे. इंग्रजी बोलता येणे ही वेगळी गोष्ट, मॅन्युअलमधून उत्तर काढता येणे वेगळी. कामाला दुसरी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. स्वयंचलन माणसे कमी करते, मग त्याच्याच प्रशिक्षणाने नोकऱ्या कशा वाढणार? इथे प्रामाणिक राहायला हवे. एक लाइन स्वयंचलित झाली की जितके ऑपरेटर कमी होतात तितके मेंटेनन्सवाले लागत नाहीत. पीएलसी तंत्रज्ञांची एकूण गरज मर्यादित आहे आणि क्लासच्या पाट्यांवरच्या हमीला तेवढा आधार नाही. म्हणूनच पीएलसी ही स्वतंत्र पदवी किंवा स्वतंत्र प्रमाणपत्र म्हणून विकणे घातक आहे. वीजतंत्रीच्या शिक्षणात ती घातली तर त्याला पीएलसीची नोकरी मिळाली नाही तरी वीजतंत्रीची मिळते, आणि तो जिथे जाईल तिथे त्याची किंमत वाढलेली असते. शिवाय जोखीमही वाढते आहे. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने इराणच्या नतांझ इथल्या सेंट्रिफ्यूजचे पीएलसी बिघडवले आणि पडद्यावर मात्र सगळे आलबेल दाखवले. छोट्या कारखान्याला तेवढा धोका नाही, पण कुठलाही पेनड्राइव्ह प्रोग्रॅमिंगच्या लॅपटॉपला लावायचा नाही, प्रत्येक यंत्राच्या प्रोग्रॅमची प्रत जपून ठेवायची, जुन्या पीएलसीची बॅटरी वेळेत बदलायची नाहीतर वीज गेल्यावर प्रोग्रॅम पुसला जाईल, या गोष्टी आता वीजतंत्रीच्या कर्तव्यात मोडतात.

पैशाचा आणि कायद्याचा भाग पूर्वीइतका आडवा येत नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. २०१९ च्या बदलांनंतर तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०२५ मध्ये केंद्राने ‘पीएम-सेतू’ योजना आणली. तिच्यात हजार शासकीय आयटीआय सुधारायच्या आहेत, दोनशे मध्यवर्ती आणि त्यांना जोडलेल्या आठशे, आणि एकूण तरतूद ६०,००० कोटी रुपयांची. अडचण वेगळीच आहे. कायद्याने घेतलेला शिकाऊ अनेकदा लाइनवर स्वस्तात राबणारा हात ठरतो, त्याला पॅनेलजवळ येऊ दिले जात नाही. आणि नवी यंत्रे आली तरी निदेशकांची पदे रिकामी असतील, किंवा निदेशक वर्षानुवर्षे कारखान्यात गेलेलाच नसेल, तर ती यंत्रे प्लॅस्टिकच्या आवरणाखालीच राहतात. निदेशकाला दर दोन-तीन वर्षांनी काही आठवडे कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात पाठवणे आणि तिथला अनुभवी माणूस आयटीआयत शिकवायला आणणे, ही देवाणघेवाण कोट्यवधींच्या यंत्रांपेक्षा स्वस्त आणि अधिक गुणकारी आहे.

पण सुरुवात करायची ती परीक्षेपासून. आपल्याकडे जे परीक्षेत येते तेच शिकवले जाते, ही तक्रार जुनी आहे. तिचाच उपयोग करून घेता येईल. वीजतंत्रीच्या अंतिम प्रात्यक्षिकात आणि पदविकेच्या तोंडी परीक्षेत एकच समान प्रश्न असावा. चालत्या पॅनेलमध्ये परीक्षकाने तीन दोष घालावेत, एक वायरचा, एक प्रोग्रॅमचा आणि एक असा की जो दोन्हींच्या सीमेवर आहे. विद्यार्थ्याने ठरलेल्या वेळात ते शोधावेत, दुरुस्त करावेत आणि कारण सांगावे. या प्रश्नाला तीस टक्के गुण ठेवले की पुढच्याच वर्षी संस्था जुनी पॅनेल मिळवू लागतील, निदेशक कारखान्यात चौकशी करू लागतील आणि क्लासवालेही पडद्यावरून पॅनेलकडे वळतील, कारण विद्यार्थी तेच मागतील. अभ्यासक्रमाची पुनर्रचना, नवे व्यवसाय, नवी विद्यापीठे यांना वर्षे लागतात. प्रश्नपत्रिका बदलायला एक परिपत्रक लागते.